आपोलिनच्या नावाचं पान

मालवण, २ नोव्हेंबर २०२४

आपोलिन,

अक्षया म्हणाली, पत्राची सुरुवात 'प्रिय' अशी करतात. सव्वीस वर्षांत जिच्याशी एक शब्द बोलले नाही तिला एकदम प्रिय म्हटलं तर तुलाच हसू येईल. म्हणून नुसतं नाव.

मी तुझी आई, इझाबेल. अजून आहे. गुडघे सोडले तर सगळं चालतं, तोंड तर जास्तच चालतं, असं सुनेचं म्हणणं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, ते तुला माहीत आहे. आपली माकातुका मालवणी कागदावर लिहायला हात वळत नाही. मास्तरांनी छडीने जी मराठी शिकवली तीच उतरते. फोन करणार नाही. फोन तू मध्येच ठेवशील. कागद निदान फाडायच्या आधी माणूस वाचतं.

आज मृतांचा दिवस. सकाळी सिमितेरीत जाऊन तुझ्या बापाच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. वाऱ्याने तीनदा विझली. चौथ्यांदा मी त्याला म्हटलं, राहा अंधारात, कायतान, जन्मभर कोणाचं ऐकलं नाहीस. फादरांनी सांगितलं, हा सगळा महिना मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची. मनात आलं, मेलेल्यांना अख्खा महिना आणि जित्यांना एक दिवससुद्धा नाही. घरी येऊन वही घेतली.

मिंगेलच्या अक्षयाचं लग्न ठरलं. मिंगेलला तू भाऊ मानतेस की नाही माहीत नाही, पण अक्षया तुझी भाची आहे. मुलगा वेंगुर्ल्याचा, कलमांच्या रोपवाटिकेत कामाला. बोलतो कमी, म्हणजे टिकेल. लग्न अकरा जानेवारीला. त्याआधी बुधवारी, आठ तारखेला, भिकाऱ्यांचं जेवण.

विसरली असशील तर सांगते. घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावाने एक पान मांडायचं आणि त्या पानावर बाहेरचा एक गरीब बसवायचा. नाव मोठ्याने घेऊन वाढायचं. तो जेवला की आपलं माणूस जेवलं. ते तृप्त झाले की नवरीला आशीर्वाद.

तुझंही पान आम्ही मांडतो, हे तुला ठाऊक आहे. मिंगेलच्या लग्नात पहिल्यांदा मांडलं, मग तुझ्या काकाच्या दोन्ही मुलींच्या वेळी. तू जितेंद्राबरोबर गेलीस, देवळात हार घातलेस, तेव्हा बाप म्हणाला, ही आम्हाला मेली. तो म्हणाला म्हणजे संपलं. त्याच्यापुढे माझं काय चालणार?

आता बाप नाही. मला ते पान उचलायचं आहे. पण मिंगेल म्हणतो, "आये, एकदा घातलेला पान उचलूक नाय. चेडवाच्या संसाराक बरा न्हय." आपल्यातले म्हातारेही तेच बोलतात. मेलेलं धरलेलं माणूस समोर येऊन उभं राहिलं तरच जिवंत धरायचं. पेन्शनवाले नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात ना, तसंच झालं.

तर ये. आठ तारखेला, दुपारी बाराच्या आत. जेवायचं नसेल तर जेवू नकोस. फाटकात उभी राहून तोंड दाखव आणि हवं तर जा.

आई


मालवण, २४ नोव्हेंबर २०२४

आपोलिन,

पत्र रजिस्टर केलं होतं, त्याची पोच आली. सही 'संचिता' अशी. म्हणजे तुझी मुलगी. अक्षर तुझ्यासारखंच, उजवीकडे पडलेलं, पळायच्या बेतात असल्यासारखं. तर दारात मुलीला पाठवतेस. पाठव. पत्र घरात शिरलं, मला तेवढं पुरे.

मागच्या शनिवारी कुमसाराला गेले. पापं सांगायला खिडकीपाशी गुडघे टेकावे लागतात, आणि आता उठताना फादरांनाच हात द्यावा लागतो. नवीन फादर वसईकडचे आहेत. मिशी अजून नीट आलेली नाही.

मी विचारलं, "फादर, जिवंत माणसाला मेल्याचं जेवण घातलं तर पाप कोणाचं?"

"आजी, ती नुसती रीत आहे. धर्मात कुठे लिहिलेलं नाही. बंद केलीत तरी चालेल."

"लिहिलेलं मला फारसं वाचता येत नाही, फादर. मी रीतींवरच जगले."

ते म्हणाले, "मनात काही असेल तर क्षमा मागा."

"देवाची रोज मागते. देवाची मागायला काय, तो समोर नसतो. जिची मागायची ती नांदेडात आहे."

त्यांनी तीन तेर्स म्हणायला सांगितले. माळ हातात घेते, पण खरं सांगू? प्रार्थनेत अपराधांची ओळ येते, आम्ही दुसऱ्यांना सोडतो म्हणून तूही आम्हाला सोड, त्या अर्थाची. त्या ओळीवर मला खोकला येतो. तू गेल्यापासून येतो. सुनेला वाटतं दमा आहे. ती ओव्याचा काढा करून देते आणि मी पिते. देवाशी खोटं बोलण्यापेक्षा काढा बरा.

इकडे मिंगेल गरीब शोधत फिरतोय. मालवणात भिकारी उरले नाहीत, सगळ्यांनी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्यात. शेवटी जेट्टीवरचे बाहेरगावचे कामकरी आणि चार म्हाताऱ्या विधवा ठरल्यात. एक म्हातारी विचारते, जेवण झाल्यावर घरी सोडायला रिक्षा आहे का.

शेजारची यशोदा तुला आठवत असेल. अजून मासे विकते, अजून तोलात चोरी करते. तिला पानाचं बोलले तर म्हणते, "तुमी पानां मांडतास, आमी कावळ्याक वाडतो. आमचो कावळो बरो गो. जित्याच्या नावाक तो शिवूचो नाय."

मी म्हटलं, "तुझो कावळो शिकलेलो असात."

ती हसली नाही. का हसली नाही, ते मला माहीत आहे. तुला पुढच्या पत्रात लिहीन. आज हात दुखतो.

आई


मालवण, १५ डिसेंबर २०२४

आपोलिन,

हात दुखत नव्हता.

तुझा बाप कधीही म्हणाला नाही, तिचं पान मांड. तो एवढंच म्हणाला होता, "ह्या घरात तिचा नाव काढूक नाय." ही मेली असंही तो म्हणाला नाही. ते मी पहिल्या पत्रात त्याच्या तोंडी घातलं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून घातलं.

मिंगेलच्या लग्नाला बापाने नऊ पानं मोजून दिली. दहावं मी परसातून कापून आणलं.

अडीच वर्षं झाली होती तुला जाऊन. अडीच वर्षं त्या घरात तुझं नाव कोणाच्या ओठावर आलं नव्हतं. तुझा पेला मी लपवून ठेवला होता, तुझं अंथरूण पाहुण्यांना देत नव्हते, पण नाव नाही. आणि त्या जेवणात नावं मोठ्याने घ्यायची असतात. मेलेल्याचं नाव घेणाऱ्या बाईला कोणी अडवत नाही. मी सासऱ्यांचं घेतलं, सासूचं घेतलं, तुझ्या आधी जन्मून गेलेल्या पोराचं घेतलं, सगळी नऊ झाली, आणि दहाव्या पानावर भात घालताना तुझं घेतलं. बाप खांबाला धरून उभा राहिला. वाढलेल्या पानांपुढे भांडत नाहीत, म्हणून गप्प बसला. त्याच्या घरात तुझं नाव घ्यायला मला तेवढीच एक जागा होती.

एवढंच लिहून थांबले तर मी फार चांगली बाई ठरेन. रागही होता. तू चोरासारखी गेलीस. बापाला सांगितलं नाहीस ते समजतं, मला का नाही सांगितलंस? मला लोकांकडून कळलं, माशांच्या बाजारात, हातात पिशवी घेऊन उभी असताना. तो राग मी त्या पानावर आदळला. माया किती आणि राग किती, ते मला आजही सांगता येणार नाही. डाळ-तांदूळ एकत्र शिजल्यावर कोण निवडणार?

त्या पानावर यशोदा बसली होती. त्याच वर्षी तिचा घो होडीवरून पडून गेला होता, घरात तीन तोंडं होती, तिला जेवणाची गरज होती. तिने घास उचलला, तुझं नाव ऐकलं, आणि घास परत ठेवला. "जित्या चेडवाच्या नावाचो भात माझ्या घशातसून उतरना नाय गो," म्हणाली आणि उपाशी उठून गेली. त्यानंतर आजवर आमच्या घरात ती पानावर बसलेली नाही. त्या दिवशी सगळ्यांत शहाणी तीच होती.

आणि तू फाटकात होतीस.

निळं पातळ होतं, कडेवर पोर. समेट करायला आली असशील, भावाच्या लग्नाचं निमित्त धरून. मी नाव घेतलं आणि वर पाहिलं, तर तू. मी तुला पाहिलं ते तुलाही दिसलं. माझ्या हातात भाताचा डाव होता. मला वाटलं, तू आत येशील, यशोदेला म्हणशील, ऊठ, मी मेले नाही. तू वळलीस आणि गेलीस.

मी हाक मारली नाही. पंगत अर्धी वाढून झाली होती आणि भात निवत होता. दुसरं काही कारण सुचलं असतं तर लिहिलं असतं.

पुढच्या दोन लग्नांत परत मांडलं, कारण एकदा मांडलं होतं. आपल्या लोकांत चूक दुसऱ्यांदा केली की तिची रीत होते.

ये. ते पान तुझ्या पायाने लाथाड.

आई


मालवण, २६ डिसेंबर २०२४

आपोलिन,

नाताळ झाला. मिंगेलने भला मोठा तारा टांगलाय, पर्यटक त्याखाली फोटो काढतात. सुनेने नेवऱ्या केल्या, सारण कमी, हवा जास्त. मध्यरात्रीच्या मिसेला मी गेले नाही, सकाळच्याला गेले. चर्चमध्ये सगळे सगळ्यांना गळ्यात पडून शुभेच्छा देतात. जे सहा महिने एकमेकांच्या कुंपणावरून भांडतात तेही. मला पूर्वी ते ढोंग वाटायचं. आता वाटतं, वर्षातून एकदा ढोंग का होईना, करू द्यावं. आमच्या घरात तेही झालं नाही.

तुझं उत्तर नाही. एक महिना झाला, दुसरा होत आला. सून म्हणते, आई, एवढी पत्रं टाकलीत, एक ओळ नको का लिहायला तिने?

तिला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. तुझा पत्ता मला कुठून मिळाला, हेही कोणी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी, बाप गेल्यावर दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं. "बाबा गेल्याचं कळलं. आई, मी येऊ?" खाली नांदेडचा पत्ता. बस्स.

ये असं लिहायला काय लागतं? एक अक्षर. पण तू आलीस की फाटकाचं बोलणं निघणार, पानाचं निघणार, आणि ते बापाने नाही, मी मांडलं हे सगळ्यांना कळणार. बाप गेल्यावर सगळा दोष त्याच्या थडग्यावर ठेवून मी सुखात होते. पत्र मी कुळथाच्या डब्याखाली सारलं. उद्या लिहू म्हटलं. कुळीथ काढायला डबा उचलला की ते दिसायचं. मग मी कुळीथ काढणंच सोडलं. चार वर्षं आमच्या घरात पिठी झालेली नाही. मिंगेल विचारतो, आये, पिठी कित्या नाय? मी सांगते, पित्त होतं.

तेव्हा तुझे दोन महिने माझ्या चार वर्षांपुढे काही नाहीत. गप्प बस हवी तेवढी.

पण मी ठरवलंय. तू ये किंवा येऊ नकोस, पान मांडणार नाही. तुझा बाप आणि काका धरून अकरा होतात. अकराच मांडायची. मिंगेलशी तीन दिवस भांडण चाललं.

"आये, उद्या अक्षयाच्या संसारात काय झाला म्हणजे?"

"झाला तर माझ्या डोक्यार. अकरा."

अक्षया मध्ये पडली. "बाबा, माझ्या लग्नात जिवंत माणसाचं पान नको. मला ते जेवण पचायचं नाही." पोरगी माझ्यावर गेली आहे, त्या वेंगुर्लेकराचं देव भलं करो.

काल संध्याकाळी भाई फर्नांडिस आले. तेच आता सगळ्यांत वडील, त्यांच्या शब्दाशिवाय रीत मोडत नाही. काठी टेकून विचारतात, "इझाबेल, चेडू जिता आसा ह्याची खात्री आसा तुका? बघलंस?"

मी पोचेचा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. "ही बघा. तिच्या घरची सही."

त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, परत घडी घातली. "मगे ठीक आसा," म्हणाले. अकरा ठरली.

नांदेडची गाडी कणकवलीला पहाटे पोचते म्हणतात. तिथून मालवणची लाल गाडी मिळेल. फाटक तेच आहे, रंग बदललाय.

आई


मालवण, १४ जानेवारी २०२५

चि. संचितास,

मेलेल्यांना पत्र लिहिणाऱ्यांतली मी नव्हे. म्हणून हे तुला.

तू घरी नीट पोचलीस असा अक्षयाला मेसेज आला. तीही वेंगुर्ल्यात रुळते आहे, नवरा अजून बोलत नाही म्हणते. आज संक्रांत, यशोदेने तिळगूळ आणून दिलाय. दाताने फुटत नाही, तिच्यासारखाच.

तू त्या दिवशी रडत होतीस, सगळं तुझ्या ध्यानात राहिलं नसेल. मी रडले नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

अकरा पानं वाढून झाली होती. भात, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी, भोपळ्याची भाजी, आणि मी डाळ-गुळाचा वण घ्यायला वळत होते. वर पाहिलं तर फाटकात तू. तुझा चेहरा मी कधी नीट पाहिलेला नव्हता. मला वाटलं आपोलिन आली, आणि या चोवीस वर्षांत तिचं वय वाढलंच नाही. डोकं ठिकाणावर असतं तर कळलं असतं, ती आता पन्नाशीला आली असती. डाव भातात तसाच सोडून मी चालत आले. धावता येत होतं तेव्हा धावले नाही, आता गुडघे नाहीत.

"आवस खंय तुझी?" मी विचारलं. तुला मालवणी कळत नाही हे लक्षात आलं, म्हणून पुन्हा विचारलं, "आई कुठे?"

तू म्हणालीस, "आजी, आई जुलैत गेली. किडनीचं होतं. तुमचं पत्र आलं तेव्हा मीच सही केली. काय उत्तर लिहायचं ते बाबांनाही सुचेना. मग प्रत्येक पत्र मीच वाचत गेले. कागदावर सांगवेना, म्हणून आले."

जुलै. मी नोव्हेंबरात तिला ये म्हणत होते. तुझ्या सहीचा कागद दाखवून मी भाईंना सांगितलं की माझी मुलगी जिवंत आहे. ती जिवंत होती तेव्हा तीनदा तिचं पान मांडलं, आणि खरीच गेली त्या वर्षी सगळ्या घराशी भांडून उचललं.

पुढचं तू पाहिलंस, पण बोलणं कळलं नसेल. मी परसात जाऊन बारावं पान कापून आणलं. मिंगेल म्हणाला, "आये, आता बारावो माणूस खंयसून हाडूचो?" खरं होतं. घरच्यांना त्या पानावर बसता येत नाही, तुलाही नाही. अकरा जण आपापल्या पानावर, दुसऱ्याच्या नावाने जेवत होते. भिंतीकडे ते पान मांडलं आणि ते नुसतं पडून राहिलं.

यशोदा नारळ खवायला आली होती. तिने विळी बाजूला केली, हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन त्या पानावर मांडी घातली.

"घाल," मला म्हणाली. "तेवां उतराक नाय तो भात आज उतरतलो."

मी भात घातला. नाव घेतलं. आपोलिन. सगळ्यांना ऐकू गेलं. घेताना मला खोकला आला नाही.

यशोदेने सगळं खाल्लं. कढी दोनदा मागितली, वण बोटाने पुसून घेतला. ती इतकी जेवत नाही, तिला साखर आहे. एक शीत ठेवलं नाही. मग पान दुमडलं, आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "झाला गो. जेवली ती."

रात्री तू विचारलंस, आई तुमच्यावर रागावली होती का. मला काय विचारतेस? तुलाच ठाऊक. तूच सांगितलंस की फाटकाची गोष्ट तिने तुला कधी सांगितली नाही. फक्त लग्नसराईत कधी तरी म्हणायची, "मालवणात आमच्या घरी माझ्या नावाने जेवण घालतात." हसून म्हणायची की टोचून, ते तुला लहानपणी कळलं नाही. मी दोन रात्री त्याचाच विचार केला. मलाही कळलं नाही. तिचं ते पत्र मी तुला दिलंय, तुझ्याकडेच ठेव. माझ्याकडे राहिलं तर मी पुन्हा कशाखाली तरी सारीन. काल पिठी केली. मिंगेलने तीन वाट्या घेतल्या, काही विचारलं नाही.

राख गोदावरीत सोडली म्हणालीस. ठीक आहे, पाणी ते पाणी. पण आमच्यात मेणबत्ती लावायला दगड लागतो. दोन नोव्हेंबरला मी तिची बापाच्या थडग्यावर लावीन, त्याच्या शेजारी. वाऱ्याने कोणाची आधी विझते ते बघू. भांडू देत दोघांना.

तुला एक काम सांगते. तुझं लग्न होईल, कुठल्या का देवासमोर होईना. तेव्हा जमलं तर आईचं पान मांड, एखाद्या भुकेल्याला बसव आणि नाव मोठ्याने घे. शेजारी माझंही मांड. पण मांडण्याआधी मालवणला फोन करून विचार, आजी खरंच मेली का. आमच्या घरात ती चूक होते.

तुझी आजी,
इझाबेल